‘पोराला कुठंतरी लावून द्या’ म्हणण्याआधी

लग्नाची पंगत उठत असते. सुरतहून आलेल्या पाहुण्याला हात धुताना गाठून वडील म्हणतात, ‘आमच्या पोराला कुठंतरी लावून द्या बुवा.’ पाहुणा ‘हो, बघू ना’ म्हणतो, पान खातो आणि रात्रीच्या गाडीने परत जातो. तो खोटं बोललेला नसतो. पण पोरगा काय शिकलाय, काय काम येतं, परगावी राहील का, किती पगारावर यायला तयार आहे, यातलं काहीच त्याला कळलेलं नसतं. मग कंपनीत जाऊन तो कोणाला काय सांगणार?

खान्देशात ओळखींना तोटा नाही. सुरतेत उधना-लिंबायतपासून नाशिकच्या सातपूर-अंबडपर्यंत, वाळूज, भोसरी, चाकण, अंकलेश्वर, वापी, जिथे जाल तिथे धुळे-जळगाव-नंदुरबारचं माणूस भेटतं. अडतं ते मागण्याच्या रीतीत.

आधी वशिल्याचं. वशिला लावणारा दुसऱ्याच्या हक्काची जागा घेतो. ओळखीचं काम त्याहून साधं आहे: जागा निघाल्याची बातमी वेळेवर कळणं, आणि ‘हा कोण?’ या प्रश्नाला आतल्या कोणीतरी उत्तर देणं. जळगावच्या एमआयडीसीतले चटईचे आणि पाइपचे कारखाने, डाळमिल, सराफ बाजार इथल्या कितीतरी जागा जाहिरात न देताच भरतात. सुपरवायझर पाळी सुटताना ‘कोणी पोरगा आहे का रे पाहण्यात?’ एवढंच विचारतो आणि दोन दिवसांत जागा जाते. सराफाच्या काउंटरवर तर अनोळखी माणसाला सहसा उभंच करत नाहीत, कारण समोरच्या ट्रेमध्ये माल असतो. याउलट रेल्वे, भुसावळ-वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, पोलीस, तलाठी यांच्या कायम जागा जाहीर अधिसूचना आणि परीक्षा किंवा गुणवत्ता यादीतून भरतात. तिथे ओळखीचा उपयोग जुनी पुस्तकं मागण्यापुरता. कोणी ‘आतून करून देतो’ म्हणालं तर तिथूनच उठा.

वही आणि आहेराची यादी

शंभर पानी वही घ्या. समोरासमोरच्या दोन पानांवर रकाने आखा: नाव, कुठे असतात, नेमकं काय काम, ओळख कोणामार्फत, शेवटचं बोलणं कधी, काय म्हणाले, पुन्हा फोन कधी. मोबाइलमधली यादी चालत नाही असं नाही, पण तिच्यात ‘काय म्हणाले’ कोणी लिहीत नाही आणि सगळी मेख त्याच रकान्यात आहे.

दोन संध्याकाळी बसून साठेक नावं काढा. पंधरा-वीस नावांनंतर डोकं थांबतं. तेव्हा घरातली आहेराची वही काढा, ताईच्या लग्नातली किंवा काकाच्या वास्तुशांतीतली. नावापुढे गाव लिहिलेलं असतं आणि ‘सुरत’, ‘पुणे’, ‘नाशिक’ असं लिहिलेली माणसं तिथे सापडतात, ज्यांची नावं तुमच्या तोंडी कधी आलीच नसती. आई जवळ बसलेली असावी. अमका कोणाचा साडू आणि तमकीचा मुलगा कुठल्या कंपनीत, हा हिशेब वडिलांपेक्षा तिच्याकडे पक्का असतो.

जवळच्यांपेक्षा ही लांबची नावं जास्त उपयोगी पडतात, आणि त्याला कारण आहे. तुमचा सख्खा मित्र तुमच्याच कट्ट्यावर बसतो. त्याला जे ठाऊक ते तुम्हालाही ठाऊक. वर्षातून एकदा भेटणारा माणूस वेगळ्या जगात वावरतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ज्या लोकांशी तो बोलला, त्यांच्यात ‘ज्याने सांगितलं तो मला वारंवार भेटायचा’ म्हणणारे साधारण सहांत एक होते. बाकीच्यांना बातमी देणारा अधूनमधून किंवा क्वचितच भेटणारा होता. अमेरिकेतलं शहर असो की पारोळा, कारण तेच आहे.

ज्यांच्या कानावर आधी येतं

काही माणसं नोकरी देत नाहीत, पण दहा ठिकाणी जातात. वहीत त्यांच्या नावापुढे खूण करा.

मशिनवर काम करायचं असेल तर बेअरिंग, बेल्ट आणि हार्डवेअर विकणारा दुकानदार, मोटर रिवाइंडिंगवाला, वजनकाट्यावरचा माणूस, ट्रान्सपोर्टचा मुकादम. कुठल्या कारखान्यात नवीन मशिन आलं, कुठला मेंटेनन्सवाला सोडून गेला, हे त्यांना एचआरच्या आधी कळतं. आयटीआय झाला असेल तर तुमच्या ट्रेडचे निदेशक. अप्रेंटिस हवे असले की कंपन्या बऱ्याचदा आधी त्यांनाच फोन करतात, आणि सुट्टीतही संस्थेत जाऊन त्यांना भेटणारा मुलगा त्यांच्या लक्षात राहतो.

बी.कॉम. झालेल्यांनी चार्टर्ड अकाउंटंट आणि करसल्लागारांची ऑफिसं सोडू नयेत. एका सीएकडे डाळमिल, जिनिंग, किराणा होलसेल, हॉस्पिटल असे कितीतरी क्लायंट असतात आणि त्यातला कोणीतरी नेहमी टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येणारा माणूस शोधत असतो. मात्र वेळ पाहून जा. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस जीएसटीच्या रिटर्नचे, जुलैअखेर इन्कम टॅक्स रिटर्नची आणि सप्टेंबरअखेर ऑडिटची धावपळ. त्या दिवसांत गेलात तर बाहेरच्या बाकावरून परत याल. २२ ते २८ या तारखांना दुपारी चारनंतर साहेब चहा पीत बोलायला मोकळे असतात. जिनिंगमध्ये हिशेबाला किंवा काट्यावर लागायचं असेल तर दसऱ्याच्या आधी शब्द टाका. कापूस आला की माणूस शोधायला कोणाला वेळ नसतो, जो समोर दिसेल तो ठेवतात.

बी.एस्सी. केमिस्ट्रीवाल्यांना अंकलेश्वर आणि वापी जवळ. नंदुरबार, शहादा, नवापूर भागातली बरीच मुलं तिथल्या लॅबमध्ये आणि प्रॉडक्शनमध्ये आहेत. तुमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांना मागच्या पाच बॅचमधले कोण कुठे आहेत एवढंच विचारा. लॅब असिस्टंटना तर त्याहून जास्त माहिती असते.

माणसं गावात येतात ते दिवस

आपल्याकडची बाहेर गेलेली माणसं ठरलेल्या दिवशी परत येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात. आत्या, चुलतबहिणी, त्यांची मुलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवीचा उत्सव, आणि रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी एका घरात. मग दिवाळी. या तीन वेळा पुण्या-सुरतेची अर्धी वही तुमच्या गल्लीत उभी असते.

पण कानबाईच्या रात्री, गाणी चालू असताना कोणाच्या हातात सीव्ही देऊ नका. देवाचं घर आहे, शिवाय माणूस सुट्टीवर आहे. त्या दिवशी फक्त ओळख पुन्हा जागी करायची: ‘काका, मी अमक्याचा धाकटा, यंदा डिप्लोमा झाला. पुढच्या आठवड्यात फोन केला तर चालेल का?’ ‘चालेल’ एवढं मिळालं की काम झालं. मग तो फोन पुढच्या आठवड्यात खरंच करायचा. महिना गेला की त्यांनाही आठवत नाही आणि तुम्हालाही संकोच वाटतो.

मेसेज आणि फोन

थेट फोन करण्याआधी मेसेज टाका, कारण समोरचा पाळीत असेल. नमुना:

‘नमस्कार नाना. मी पारोळ्याचा, तुमच्या साडूंच्या शेजारचा. नंबर त्यांनीच दिला. फिटर आयटीआय झालाय, धुळ्याला एक वर्ष अप्रेंटिस केलं. वाळूजला मेंटेनन्समध्ये काम बघतोय. तिकडे नवीन फिटरला कुठल्या कंपन्या घेतात आणि ठेकेदाराकडून जावं की थेट, एवढं विचारायचं होतं. दहा मिनिटं कधी फोन करू? पहिली पाळी असेल तर साडेचारनंतर करतो.’

या मेसेजमध्ये नोकरी मागितलेली नाही, हे पुन्हा वाचून पाहा. नोकरी मागितली की समोरच्याला ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ म्हणवत नाही, म्हणून तो गप्प बसतो. माहिती मागितली की उत्तर देणं सोपं. नंबर कोणी दिला ते दुसऱ्याच वाक्यात यावं, नाहीतर माणूस कर्जाचा किंवा विम्याचा मेसेज समजून सोडून देतो. ट्रेड, अनुभव आणि कुठे जायचंय हे तिन्ही सांगावं. ‘कोणतंही काम चालेल’ हे वाक्य नम्र वाटतं, पण ऐकणाऱ्याला त्यातून काहीच सुचत नाही. कोणतंही काम म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर कोणतंच काम येत नाही.

उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी एक ओळ टाका. तरीही नाही आलं तर ज्यांनी नंबर दिला त्यांना सांगा, पण तक्रारीच्या सुरात नको. रोज ‘गुड मॉर्निंग’चं फूल पाठवून आठवण राहते हा गैरसमज आहे, त्याने नंबर म्यूट होतो.

फोनची वेळ साधा. जनरल पाळीवाल्याला संध्याकाळी साडेसात ते नऊ, पहिल्या पाळीवाल्याला चारनंतर. रात्रपाळीवाल्याला सकाळी करू नका, तो तेव्हाच झोपलेला असतो. सुट्टी रविवारीच असेल असंही धरू नका. पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात.

पलीकडून पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो: ‘कोना पोऱ्या शे तू?’ (कोणाचा पोरगा तू?) त्याचं उत्तर अहिराणीतच द्या, घरचं माणूस वाटतं. रावेर-यावलकडचे असाल तर तुमची बोली. कामाचं बोलणं सुरू झालं की मात्र सरळ मराठीत या, कारण तुम्ही साहेबासमोर कसे बोलाल याचा अंदाज तो माणूस तिथेच घेत असतो.

प्रश्न वहीत लिहून ठेवा. माझ्यासारख्याला तिथे पहिल्यांदा कोणत्या कामावर घेतात? कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडून, आणि कोणता ठेकेदार पगार वेळेवर करतो? पीएफ कापतात का? हातात किती पडतात, त्यातले रूम आणि मेसला किती जातात? माझ्या सीव्हीत काय कमी आहे? शेवटी दोन प्रश्न, आणि हे विसरायचे नाहीत: ‘आणखी कोणाशी बोलू?’ आणि ‘तुमचं नाव सांगितलं तर चालेल?’ न विचारता नाव वापरलं आणि ते त्यांच्या कानावर गेलं, तर ती ओळख गेलीच, वर नंबर देणाऱ्या साडूंनाही ऐकून घ्यावं लागतं.

दहा जणांना विचारलं तर सहा-सात ठिकाणी काही घडणार नाही असं धरूनच चाला. आठवड्याला पाच नवे फोन आणि पाच जुन्यांची विचारपूस एवढं पुरे. एका दिवशी पंचवीस फोन करणारा तिसऱ्या दिवशी थकून वही बंद करतो.

वडिलांनी काय करायचं? फोन एक मिनिटाचा: ‘पोरगा संध्याकाळी तुम्हाला फोन करेल, जरा मार्गदर्शन करा.’ पुढे पोरानेच बोलावं. ज्याच्यासाठी बाप शेवटपर्यंत बोलतो, तो मशिनवर एकटा उभा राहील का, ही शंका समोरच्याला येतेच. पुढाऱ्याच्या लेटरहेडवर शिफारस आणणंही टाळा. कारखान्याच्या एचआरला ते पत्र म्हणजे उद्या तक्रार घेऊन येणारा माणूस वाटतो.

मुलींसाठी त्याच फोनमध्ये तीन गोष्टी जास्त विचाराव्या लागतात: पाळी कोणती, कंपनीची बस कुठून कुठपर्यंत, आणि जवळ मुलींचं हॉस्टेल किंवा ओळखीचं घर आहे का. हे बहुतेक वेळा नानांना नाही, काकूंना माहीत असतं. फोन त्यांच्याकडे मागा.

सीव्ही, बायोडाटा नव्हे

आपल्याकडे बायोडाटा हा शब्द आता लग्नाने पळवलाय. परिणाम असा की उंची, रास, मामाकुळ आणि कुलदैवत असलेला कागद कधीकधी एचआरच्या मेलमध्ये जाऊन पडतो. एक पान, पीडीएफ, फाइलला नाव-ट्रेड-गाव असं नाव. ‘रिझ्युम फायनल न्यू २’ नावाची फाइल समोरच्याच्या मोबाइलमध्ये परत सापडत नाही, आणि तो ती पुढे पाठवणार असतो ती मोबाइलवरूनच. वर ट्रेड किंवा पदवी, वर्ष, मशिन किंवा सॉफ्टवेअर कोणतं येतं ते लिहा. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ लिहू नका. ते तुमच्या ओळखीच्या माणसाने सांगायचं असतं. मोबाइल नंबर दोनदा तपासा. आधार, पॅन, पासबुक मात्र सीव्हीसोबत कोणालाही पाठवायचं नाही.

लिंक्डइनवर आपली माणसं

इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए, आयटीवाल्यांना इथे काम आहे. फैजपूर, भुसावळ, शिरपूर, धुळे, जळगाव, तुमचं कॉलेज कुठलंही असो, कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो. तिथे ‘पुणे’ किंवा कंपनीचं नाव टाकून गाळता येतं. विद्यापीठाच्या नावाने शोधत असाल तर तीनदा शोधा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ हे नाव २०१८चं. त्याआधीच्या बॅच नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ लिहितात. विद्यापीठ १९९० साली स्थापन झालं, त्याआधी इथली कॉलेजं पुणे विद्यापीठाकडे होती. म्हणजे आज मोठ्या पदावर असलेला तुमच्याच कॉलेजचा माणूस ‘पुणे विद्यापीठ’ म्हणून नोंदलेला असू शकतो आणि वरच्या दोन्ही शोधांतून सुटतो.

जोडणीच्या विनंतीसोबत दोनशे अक्षरांच्या आत चिठ्ठी लिहा: कॉलेज, बॅच, एक नेमका प्रश्न. ‘प्लीज हेल्प फॉर जॉब’ लिहिलेल्या चिठ्ठ्या त्यांना रोजच येतात.

रेफरलची एक गोम इथे सांगायला हवी. बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कर्मचारी आपल्या पोर्टलवरून तुमचं नाव देतो आणि निवड झाली तर त्याला बक्षीसही मिळतं. म्हणजे तुम्ही फार मोठा उपकार मागत नाही. पण तुम्ही आधीच स्वतः वेबसाइटवर अर्ज भरला असेल, तर अनेक ठिकाणी काही महिने रेफरल घेतलं जात नाही. म्हणून आधी विचारा, मग अर्ज. विचारताना जागेचा क्रमांक, सीव्ही आणि ‘मी या जागेला का बसतो’ याच्या तीन ओळी एकाच मेसेजमध्ये द्या. त्याला फक्त चिकटवायचं काम उरलं पाहिजे.

पैशाचा विषय निघाला तर

रजिस्ट्रेशन, गेट पास, युनिफॉर्म, डिपॉझिट, ‘साहेबाला द्यायचे’, नाव काहीही असो, जॉइनिंगआधी पैसे मागितले की थांबा. मध्ये नातेवाईक असला तरी थांबा, कारण बऱ्याचदा त्या नातेवाइकालाच आधी फसवलेलं असतं आणि तो भाबडेपणाने तुम्हाला पुढे करतो. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या मेल पत्त्यावरून आलंय का पाहा, कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, जमा करू नका. कोऱ्या कागदावर किंवा चेकवर सही करू नका. आखाती देशात पाठवतो म्हणणाऱ्या एजंटचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरच्या परवानाधारकांच्या यादीत आहे का, हे घरबसल्या पाहता येतं.

काम लागल्यावर

मुलाखतीला जाऊन आल्यावर त्याच संध्याकाळी शब्द टाकणाऱ्याला कळवा, निकाल काहीही असो. त्याला ते एचआरकडून कळलं तर वाईट दिसतं. ऑफर नाकारायची असेल तर कंपनीच्या आधी त्याला सांगा. आणि जॉइन झाल्यावर, निदान सहा महिने तरी, न सांगता कधीच निघून येऊ नका. पंधराव्या दिवशी ‘करमत नाही’ म्हणून रूम सोडलेल्या मुलाचा तोटा त्याचा एकट्याचा नसतो. सुपरवायझर गावाचं नाव लक्षात ठेवतो. ‘त्या गावची पोरं टिकत नाहीत’ हे वाक्य एकदा पडलं की पुढच्या दोन-तीन बॅचना त्या गेटवर उत्तर मिळत नाही. खरंच जमत नसेल तर आधी त्या माणसाला फोन, मग नोटीस, मग गाडी.

गावाकडून तुम्हाला फोन सुरू होतील ते पहिल्या पगाराच्या आतच. तीन महिने होईपर्यंत कोणाचंही नाव आत देऊ नका. तुम्हीच अजून कच्चे आहात. फोन करणाऱ्याला सांगा, ‘सीव्ही पाठव, ट्रेड लिही, आणि बापाला नको, तूच साडेसातनंतर फोन कर.’ नाव वहीत नव्या पानावर लिहून ठेवा.